टाकीचं कोरडं फडकं

पहिल्या भेटीत मन्मथअप्पांनी मला नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, बसासुद्धा म्हणाले नाहीत. गोदामाच्या दारात आडवे उभे राहून माझ्या हातांकडं बघत म्हणाले, "हात पुसा."

मी तालुक्याच्या ऑफिसात कारकून. तालुका कोणता ते सांगत नाही. सांगितलं तर उद्यापासून मला तिथं कुणी चहा विचारायचं नाही. बदली होऊन आले तेव्हा कुणालाच नको असलेलं टेबल माझ्या गळ्यात पडलं, आपत्तीचं. आपत्ती म्हणजे आमच्याकडं पूर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, आणि ही गंगा अधूनमधून काठच्या वाड्यांत शिरते. त्यासाठी ऑफिसला एक बोट मिळालेली होती. नारंगी रंगाची, मागं पेट्रोलवर चालणारं इंजिन, आणि त्याला नळीनं जोडायची एक लाल टाकी. परभणी जिल्ह्यात बोट म्हटलं की माणसं आधी हसतात. मीही हसले होते. जुन्या धान्याच्या गोदामात ती बोट बघायला गेले, टाकीचं झाकण उघडायला हात पुढं केला, आणि हा माणूस मधे आला.

"पुसलेत की," मी पदराला हात पुसून म्हणाले.

"पदराला नगं ताई. पदराला घाम असतोय. हे घ्या."

त्यांनी खांद्यावरचं तपकिरी फडकं माझ्या हातात दिलं. मी हात पुसले. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची घडी काढली, तिच्यातून दुसरं पांढरं फडकं काढलं आणि टाकीच्या तोंडाभोवतीची धूळ टिपली. मी ते पांढरं धरायला हात पुढं केला तर त्यांनी लगेच मागं घेतलं. "हे टाकीचं हाय. ह्याला माणसाचा हात लागत न्हाई." मला राग आला. नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं मला टाकीपेक्षा खालच्या पायरीवर बसवलं होतं.

अप्पा मूळचे राणीसावरगावचे. सगळी नोकरी पूर्ण्याला रेल्वेत, डिझेल इंजिनांवर फिटर म्हणून. निवृत्तीनंतर बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावात येऊन राहिले. उंच, वाळके, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत, आणि पूजा झाली की थेट गोदाम. ऑफिस त्यांना थोडंसं मानधन द्यायचं, पण मानधन कमी म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. तोंड वाकडं व्हायचं ते फक्त ओल दिसली की. ओल हा त्यांचा जन्माचा वैरी. काडेपेटीची काडी एका झटक्यात पेटली नाही तर ते आभाळाकडं बघायचे. हॉटेलात मिठाच्या डबीला चिकटलेले खडे दिसले की मालकाला बोलावून घ्यायचे. मालक बिचारा म्हणायचा, "अप्पा, पावसाळा हाय." अप्पा म्हणायचे, "पावसाळा बाहेर हाय. डबीत कामून आला?"

रेल्वेत रोज सकाळी इंजिनाच्या टाकीची खालची तोटी उघडून, काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून उजेडाकडं धरायचं, हे त्यांचं काम होतं. डिझेलात पाणी असलं तर ते तळाला बसतं आणि बाटलीत रेघ दिसते. ती बाटली त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. औषधाची असावी, रुंद तोंडाची, पांढऱ्या काचेची. शर्टाच्या खिशात ती मावायची नाही म्हणून त्यांनी शिंप्याकडून एक खिसा मुद्दाम मोठा करून घेतला होता.

एकदा भर पावसाळ्यात मी माझ्या स्कूटीत पेट्रोल घालायला पंपावर उभी होते, आणि माझ्या पुढं अप्पा. गाडी नाही, नुसती बाटली. पंपावरचा माणूस म्हणत होता, एवढंसं देता येत नाही. अप्पा म्हणत होते, मला विकत नको, बघायचं हाय. मागं रांग वाढत चालली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी त्यानं वैतागून बाटलीत पेट्रोल घातलं. अप्पांनी ते आभाळाकडं धरलं, हळूच हलवलं, पुन्हा धरलं. रांगेतले सगळे, मीसुद्धा, माना वर करून त्या बाटलीकडं बघत राहिलो. "लख्ख हाय," अप्पा म्हणाले, ते पेट्रोल माझ्याच गाडीत ओतलं आणि चालते झाले. त्यानंतर तो पंपवाला मला ओळखायला लागला. बाटलीवाल्या अप्पांच्या ऑफिसातली बाई म्हणून.

बोटीच्या टाकीसाठी त्यांचा नियम एकच होता. पावसाळा संपला की टाकी गळ्याला दोन बोटं कमी ठेवून भरायची, आणि भरलेलीच ठेवायची. कारण विचारलं तर मला घरी घेऊन गेले आणि अक्कांच्या लोणच्याच्या बरणीपुढं उभं केलं. अक्का म्हणजे त्यांच्या बायको, गंगाबाई. बरणीत लोणच्यावर तेल गळ्यापर्यंत आलेलं.

"ही बरणी अर्धी ठिवली तर?" अप्पांनी विचारलं.

"बुरशी येईल."

"कामून?"

"हवा लागते म्हणून."

"तेच. अर्ध्या टाकीत हवा ऱ्हाती. दुपारी तापती, पहाटं गार पडती, अन् टाकीला आतून घाम सुटतोय. थेंब थेंब तळाला जमतंय. भरलेल्या टाकीत हवेला जागाच न्हाई, मंग घाम कुठून येईल? फकत झाकणावरचा हवेचा स्क्रू एक आटा ढिला ठिवायचा. आपला उन्हाळा लय कडक, न्हाईतर टाकी फुगती."

अक्का आतून म्हणाल्या, "आधी माझ्या बरणीला हात लावू नगा, मंग तिला काय शिकवायचं ते शिकवा." अप्पा निमूटपणे दोन पावलं मागं सरले. त्या घरात ओलीपेक्षाही कुणाला भीत असतील तर अक्कांना.

मला तो नियम इतका पटला की ऑफिसात येऊन मी तो टाइप केला. 'बोटीची इंधनटाकी साठवणीच्या काळात सदैव पूर्ण भरलेली ठेवावी.' नायब तहसीलदार साहेबांची सही घेतली आणि कागद गोदामाच्या भिंतीवर चिकटवला. तपासणीला येणारे अधिकारी तो वाचून मान डोलवायचे. मला वाटायचं, या टेबलावर निदान एक काम मी नीट केलं.

मग दुसऱ्या वर्षी भाद्रपदात पूर आला. गंगेकाठच्या एका वाडीला सकाळीच पाण्यानं वेढा घातला, आणि अकरा माणसं शाळेच्या स्लॅबवर चढून बसली. आम्ही ट्रॅक्टरवर बोट घालून काठावर नेली. सोपान हा गंगेवरचा नावाडी, त्याच्या हातात इंजिन. त्यानं दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा ओढली. मी मोजायचं सोडलं तेव्हा त्याच्या तळहाताला फोड आले होते. समोर पाण्यापलीकडं स्लॅबवरची माणसं दिसत होती, त्यातली एक म्हातारी हिरव्या लुगड्यातली, हात हलवून आम्हाला बोलवत होती. सरूबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं.

अप्पांनी नळी काढली, तिच्यातला रबरी फुगा दाबून बाटलीत पेट्रोल घेतलं आणि वर धरलं. मी शेजारीच उभी होते. बाटलीत स्पष्ट रेघ. वर पिवळसर, खाली पांढुरकं, गढूळ. अप्पा बराच वेळ ती बाटली धरून उभे राहिले.

इंजिनात ते घाण मिश्रण गेलेलं, म्हणजे नुसतं नवीन पेट्रोल घालून भागणार नव्हतं. अप्पा खाली बसून एकेक भाग उघडून साफ करत राहिले. ते पुरं होण्याआधीच शेजारच्या तालुक्याची बोट आली आणि तिनं त्या अकरा जणांना काढलं. तोवर चार तास गेले होते. कुणी मेलं नाही. सरूबाईच्या चार शेळ्या मात्र तिच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या, आणि चार तास पावसात भिजल्यामुळं ती पंधरा दिवस तापानं फणफणली.

अहवाल मलाच लिहायचा होता. साहेब म्हणाले, "पेट्रोल भेसळीचं होतं असं टाका. पंपाकडं बोट दाखवा, विषय संपतो." मी तसंच टाइप केलं. खोटं सांगत नाही, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. भरलेल्या टाकीचा कागद माझ्या हातचा होता ना. अप्पांची सही घ्यायला गेले तर त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि कागद परत दिला.

"पंपवाल्याची काय गलती? त्यानं दिलं तवा मी बाटलीत बघितलं, लख्ख होतं."

"अप्पा, सही करा. साहेबांनी सांगितलंय."

"ताई, आताच्या पेट्रोलात उसाचं स्पिरिट घालायलेत. ते हवेतली ओल पितंय. मी डिझेलचा माणूस. डिझेलचा नियम पेट्रोलला लावला. त्यात स्क्रू ढिला. सगळा पावसाळा त्या भोकातून ओल आत गेली. ज्येष्ठात बाटली बघितली, मंग बघितलीच न्हाई. हेबी लिवा."

"तुम्हाला कामावरून काढतील."

"काढू द्या. गलती माझी हाय, तिथं माझंच नाव पायजे. दुसऱ्याच्या नावावर टाकली तर पुढच्या साली पुन्हा तशीच टाकी भरून ठिवताल तुमी."

मी त्यांच्याशी भांडले. आडमुठे आहात म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःच्या हातानं पानभर लिहून दिलं, रेल्वेत लिहीत असतील तसं, मुद्दा एक, मुद्दा दोन. ते पान वर गेलं आणि महिन्याच्या आत त्यांचं काम गेलं. गोदामाची चावी माझ्याकडं आली. चावी देताना त्यांनी ती तपकिरी फडक्यानं पुसून दिली.

काम गेल्यावर पहिल्या सोमवारी ते वाडीवर गेले. सोपान त्यांच्याबरोबर होता, त्यानं मला सांगितलं. पारावर माणसं जमली. अप्पांनी हात जोडले आणि टाकीचं सगळं सांगितलं. लोक म्हणाले, अप्पा, नदीच्या पाण्यापुढं कुणाचं चालतंय, तुमची काय चूक.

"तुमी नदीच्या पाण्याला दोष द्यायलाव," अप्पा म्हणाले. "मी सांगायलो ते टाकीतलं पाणी. तांब्याभरबी नसंल. त्याच्यापायी तुमी चार तास बसलाव."

तेवढ्यात सरूबाई म्हणाली, "माझ्या शेळ्या गेल्या, ते तू भरून देणार हायस का?" अप्पा म्हणाले, "न्हाई मावशी. शेळ्या आणायची ऐपत न्हाई माझी. पण बोट पुन्हा बंद पडू देणार न्हाई." सरूबाईनं तोंड फिरवलं. कामावरून काढलेला माणूस हे बोलत होता, आणि ते तिलाही माहीत होतं.

टाकीचं कोडं मात्र अक्कांनी सोडवलं. अप्पा घरी बसून डोकं धरून होते, भरून ठेवली तरी ओल, अर्धी ठेवली तरी ओल, करायचं काय. मी समाचाराला गेले होते. अक्का ओट्यावर गुळाची ढेप फोडत होत्या.

"त्यात उसाचं काय तरी घालायलेत म्हणता ना?" त्या म्हणाल्या. "मंग ते तेल कुठं ऱ्हायलं, ते गूळ झालं. गूळ पावसाळ्यात कितीबी झाका, पाघळतोच. तुमी लोणच्यावानी भरून ठिवायलाव. गूळ कुणी भरून ठिवतंय का? लागंल तसा आणायचा, अन् डबा पुसून कोरडा ठिवायचा."

अप्पांनी मान वर केली. बायकोकडं असे बघत राहिले की मलाच संकोच वाटला. "पस्तीस साल रेल्वेत गेले," ते म्हणाले, "अन् फिटर घरात होता." अक्का लाजल्या आणि गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवून आत गेल्या.

दुसऱ्याच दिवशी अप्पा ऑफिसात. पावसाळा संपला होता, टाकी भरायची वेळ. "ताई, भरू नका. सगळी रिकामी करा. नळी काढून इंजिन चालू ठिवा, आतलं पेट्रोल जळून आपोआप बंद पडू द्या. टाकी पुसा, वाळवा, स्क्रू घट्ट करा. पाऊस लागला की ताजं आणा, अन् दर पंधरवड्याला बदला."

"अप्पा, भिंतीवर आदेश आहे. सदैव पूर्ण भरलेली ठेवावी. तपासणीत टाकी रिकामी दिसली तर माझी चौकशी लागेल."

"आदेश कुणाचा?"

"तुमचाच की. टाइप मी केला, सही साहेबांची."

ते म्हणाले, गोदाम उघडा. मी उघडलं. त्यांनी तो कागद चष्मा लावून पुन्हा वाचला, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि टाइप केलेल्या ओळीखाली लिहिलं: 'वरील नियम चूक आहे. तो मी सांगितला होता. पेट्रोलची टाकी साठवणीत रिकामी व कोरडी ठेवावी. मन्मथ, निवृत्त फिटर.' अक्षर मोठं, ठसठशीत. सरकारी कागदावर असं कुणी लिहीत नाही. तो फाडून टाकावा असं मला क्षणभर वाटलं.

त्या कागदापुढं मी दोन दिवस घुटमळले. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, तुला कुणी सांगितलंय शहाणपणा करायला. आणि डोळ्यांपुढं सारखं ते हिरवं लुगडं यायचं. तिसऱ्या दिवशी सोपानला बोलावून टाकी रिकामी केली. अप्पांनी पांढरं फडकं काढलं आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. "तोंडाच्या आतून पुसा. तुमचा हात बारीक हाय." मी आधी तपकिरी फडक्याला हात पुसले. ते बघून त्यांनी मान हलवली, एवढंच.

तपासणीला आलेल्या मॅडमनी टाकी हलवून बघितली. रिकामी. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, खालची पेनानं लिहिलेली ओळही वाचली. "हे मन्मथ कोण?" मी सगळं सांगितलं, माझ्या टाइप केलेल्या खोट्या अहवालासकट. मॅडम म्हणाल्या, "पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून मला फोन करायचा." मी पावसाळाभर फोन केले. दर वेळी अप्पा गोदामाच्या दाराबाहेर उभे असायचे. टाकी पुसायला मी शिकले होते, आता आपलं इथं काही काम नाही म्हणून ते आत यायचे नाहीत. मी बाटली भरून बाहेर नेऊन दाखवायची, ते उजेडाकडं धरायचे आणि "लख्ख" म्हणून परत द्यायचे.

त्या वर्षी गंगा आश्विनात आली, पावसाळा संपला म्हणून सगळे सैल झाल्यावर. टाकी अजून रिकामी करायची होती, आतलं पेट्रोल आठवड्यापूर्वीचं, ताजं. तीच वाडी, तोच स्लॅब. काठावर पोलिसांनी दोर लावून गर्दी मागं रोखली होती. बोट पाण्यात उतरली. सोपाननं माझ्याकडं बघितलं आणि मी मागं बघितलं. दोराच्या पलीकडं, छत्रीखाली, कपाळावर भस्म, अप्पा उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि हात गळ्यातल्या डबीवर होता.

सोपाननं दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन लागलं.

मला रडू आलं. कारकुनानं काठावर रडायचं नसतं, पण आलं. अप्पांनी डोळे उघडले नाहीत. बोट लांब जाईपर्यंत ते तसेच आवाज ऐकत उभे होते.

पहिल्या फेरीत बायका आणि म्हाताऱ्या आल्या. सरूबाई उतरली, चिंब भिजलेली, काखेत एक शेळीचं पिल्लू. तिनं गर्दीत इकडंतिकडं बघितलं आणि दोराखालून वाकून सरळ अप्पांपुढं जाऊन उभी राहिली. थंडीनं तिचे दात वाजत होते. अप्पांनी तपकिरी फडकं शोधायला खांद्यावर हात नेला. ते पावसानं केव्हाच भिजलं होतं. मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकची घडी काढली.

"अप्पा, ते टाकीचं आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"ऱ्हाऊ द्या ताई," ते म्हणाले. "टाकी चालायलीय." आणि घडी उलगडून ते पांढरं, कोरडं फडकं त्यांनी म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं.

तिनं केस पुसले, तोंड पुसलं, मग पिल्लाला पुसलं. फडकं परत दिलं तेव्हा त्यातून पाणी ठिबकत होतं. अप्पांनी ते पिळलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं. दुसरी फेरी निघाल्याचा आवाज आला तसं त्यांनी एकदा तिकडं कान दिला, छत्री सरूबाईच्या हातात दिली आणि पावसातून बसथांब्याकडं चालायला लागले. त्या माघातच ते लिंगैक्य झाले, गेले. मला मात्र ते आठवतात ते असेच, पाठमोरे, नखशिखांत ओले.